आजोबांचा जुना प्रोग्राम, घरातला नवा संगणक

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित पाठिंबा थांबवला. दिवाळी आठवड्यावर आली होती. दहा वर्षे वापरलेला संगणक बदलायला अनेक घरांना हे निमित्त पुरेसे झाले. मुलाने किंवा नातवाने हौसेने नवा लॅपटॉप आणला, छायाचित्रे आणि फायली त्यावर उतरवून दिल्या. मग घरातल्या ज्येष्ठांनी एकच प्रश्न विचारला, ‘माझा तो प्रोग्राम कुठे आहे?’

‘तो’ प्रोग्राम प्रत्येक घरात वेगळा असतो. निवृत्त मुख्याध्यापकांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम असेल, सोसायटीचे हिशेब ठेवणाऱ्या काकांचा फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला प्रोग्राम असेल, छापखाना बंद झाल्यावरही पेजमेकरमध्ये स्मरणिका लावून देणारे आजोबा असतील. नव्या संगणकावर यातले काही उघडतच नाही, काही उघडते पण छापत नाही. त्यानंतरचा संवादही घरोघरी सारखाच असतो. ‘बाबा, आता हे जुने सोडा की. नवीन किती सोपे आहे!’ ‘तुला सोपे असेल रे. माझे काम अडले आहे.’

या वादात दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. ज्येष्ठांचा आग्रह निव्वळ हट्ट नसतो, त्याला मेंदूविज्ञानाचा आधार आहे. मुलांची काळजीही वायफळ नाही, जुन्या प्रणालीतून घुसखोरी होते हे जगाने पाहिले आहे. मात्र दोघांच्याही नजरेतून निसटणारा एक मुद्दा आहे. जुना प्रोग्राम वापरणे आणि जुन्या प्रणालीवरून इंटरनेटवर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या केल्या की बहुतेक घरांतला प्रश्न सुटण्यासारखा असतो.

जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर का अडतो?

पाठिंबा थांबला म्हणजे विंडोज १० असलेला संगणक बंद पडला, असे नव्हे. तो पूर्वीसारखाच चालू होतो. फक्त त्यात नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट नियमितपणे मिळत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची वाढीव योजना जाहीर केली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते जोडून संगणकातील सेटिंग्ज त्यांच्या सर्व्हरवर साठवणे, रिवॉर्ड गुण वापरणे किंवा पैसे भरणे असे पर्याय ठेवले. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तेथे ही सोय सैल अटींवर मोफत झाली.

विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे प्रणाली बदलायची तर संगणकच बदलावा लागतो. संगणक बदलला की जुन्या प्रोग्रामची अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली अडचण प्रोग्रामच्या घडणीची. डॉसच्या आणि विंडोजच्या सुरुवातीच्या काळातले बरेच प्रोग्राम १६ बिटचे होते. विंडोज १०ची ३२ बिटची आवृत्ती मिळत असे आणि तिच्यावर असे प्रोग्राम चालवता येत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. ३२ बिटचे प्रोग्राम मात्र आजही चालू शकतात. कधी कधी असेही होते की मुख्य प्रोग्राम ३२ बिटचा असतो, पण तो संगणकावर बसवून देणारा इन्स्टॉलर १६ बिटचा निघतो. मग चालू शकणारा प्रोग्रामही दारातच अडतो.

दुसरी अडचण यंत्राला जोडलेल्या वस्तूंची. प्रिंटर, स्कॅनर आणि काही मराठी सॉफ्टवेअरसोबत येणारे डोंगल, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावायचे कुलूप, यांना ड्रायव्हर लागतो. ३२ बिटच्या काळातले असे ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. जुनी डोंगल तर प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागत. तसा पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो.

तिसरी अडचण खास आपल्या लिपीची, फॉन्टची आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर पाहू.

हट्ट की हातात बसलेले कौशल्य?

‘नवीन शिकायचेच नाही,’ असा शिक्का ज्येष्ठांवर पटकन बसतो. मानसशास्त्र याकडे वेगळ्या नजरेने पाहते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात बुद्धीचे दोन प्रकार मांडले. अनोळखी प्रश्न झटपट सोडवणारी प्रवाही बुद्धी आणि अनुभवातून साठत गेलेली, मुरलेली बुद्धी. पहिली वयानुसार हळूहळू मंदावते. दुसरी उतारवयातही बराच काळ टिकते, काही बाबतींत वाढतेही. ओळखीच्या प्रोग्रामवर काम करताना माणूस दुसरीच्या जोरावर चालतो. अनोळखी प्रोग्राम समोर आला की सगळा भार पहिलीवर येतो.

टायपिंगच्या बाबतीत तर याचा थेट पुरावा आहे. अमेरिकी संशोधक टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकेत दिसताच बटण दाबणे यासारख्या साध्या चाचण्यांत वयस्कर टंकलेखक तरुणांपेक्षा मंद ठरले, पण टंकलेखनाच्या वेगात मागे पडले नाहीत. ज्येष्ठ टंकलेखकांची नजर हातापेक्षा जास्त अक्षरे पुढे धावत होती, त्यामुळे बोटांना तयारीला वेळ मिळत होता. वयाने जे कमी केले ते अनुभवाने भरून काढले. सरावाची चौकट मोडली की ही भरपाई आधार हरवते. कळांची जागा बदलली, मेनू दुसरीकडे गेला, ‘सेव्ह’चे चिन्ह ओळखू आले नाही, तर वीस वर्षांचा सराव त्या क्षणी उपयोगी पडत नाही.

हाताचे कौशल्य मेंदूत वेगळ्या प्रकारे साठते, हे हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे उमगले. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची क्षमता गेली. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला दिली. आपण हे काल केले होते याची त्याला आठवण नसे, तरीही त्याचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. काय घडले याची स्मृती आणि कसे करायचे याची स्मृती वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात. म्हणून आजोबांना कालच्या फाइलचे नाव आठवत नसले, तरी त्यांची बोटे जुन्या प्रोग्राममध्ये योग्य कळ बिनचूक दाबतात.

डोळ्यांचा मुद्दाही आहे. उतारवयात भिंगावर पिवळसर झाक येते, फिकट रंगांतला फरक कमी दिसतो, जवळचे स्पष्ट दिसत नाही. जुन्या प्रोग्राममध्ये निळ्या पडद्यावर पांढरी ठळक अक्षरे असत, बटणांना उठावदार कडा असत, मेनूत शब्द असत. नव्या रचनेत पांढऱ्यावर करडी बारीक अक्षरे, कडा नसलेली बटणे आणि शब्दांऐवजी चिन्हे असतात. उत्पादकांनाही घाईच्या बदलांचा फटका बसला आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढले गेले आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर पुढच्याच वर्षी विंडोज ८.१ मध्ये ते परत आणावे लागले.

धोका नेमका कोठे आहे?

तरीही मुलांची काळजी अनाठायी नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. फायलींना कुलूप लावून तो पैसे मागत होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला मोठा तडाखा बसला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवला.

या घटनेतून घ्यायचा धडा अनेकदा अर्धवट सांगितला जातो. खापर विंडोज एक्सपीवर फोडले गेले. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. प्रत्यक्षात बाधित संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्या प्रणालीला तेव्हा पाठिंबा होता आणि त्रुटी बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आला होता. तो बसवलेला नव्हता. लेखापरीक्षण कार्यालयाने आणखी एक गोष्ट मांडली. अपडेट बसवलेला असो वा नसो, इंटरनेटकडे उघडणाऱ्या वाटांची नीट राखण केली असती तर संस्थांचा बचाव होऊ शकला असता. म्हणजे यंत्र किती जुने आहे याइतकेच ते कशाला जोडलेले आहे हेही महत्त्वाचे.

घरातही हाच नियम लागू होतो. पाठिंबा संपलेल्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार, ईमेल, खरेदी करणे धोक्याचे आहे. ब्राउझरही अशा प्रणालींना सोडून देतात. गुगल क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ साठी नव्या आवृत्त्या देणे थांबवले. अँटिव्हायरस घेतला म्हणजे भागले, असेही नाही. प्रणालीतलेच भोक त्याने बुजत नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ज्येष्ठांची मोठी फसवणूक आज प्रणालीतल्या भोकातून कमी आणि फोनवरच्या बोलण्यातून जास्त होते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही दुरुस्त करतो, हे ॲप घ्या,’ असे सांगून पडद्याचा ताबा घेतला जातो. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. कोरा करकरीत संगणक या फसवणुकीपासून वाचवत नाही. उलट, अनोळखी पडद्यासमोर गोंधळलेला माणूस ‘मदत करतो’ म्हणणाऱ्यावर लवकर विश्वास ठेवतो. ‘तुमच्या विंडोजची मुदत संपली’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि घरातल्या माणसाला विचारावे. पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

जुने काम एका खोलीत, इंटरनेट दुसऱ्या

यातून मार्ग निघतो तो विभागणीचा. जुना प्रोग्राम चालवायचा तेथे इंटरनेट नाही, आणि इंटरनेट वापरायचे तेथे अद्ययावत प्रणाली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन हेच करतात. डॉसवर चालणाऱ्या संगणकात वर्डस्टार ४.० या जुन्या प्रोग्राममध्ये आपण लिहितो आणि तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, असे त्यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले. ईमेलसाठी त्यांच्याकडे दुसरा संगणक आहे. जगातला एक अतिशय लोकप्रिय लेखक या पद्धतीने हजारो पाने लिहितो. मग सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्या काकांना तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

घरात हे करण्याचे काही मार्ग आहेत आणि ते सोप्याकडून अवघडाकडे तपासावेत.

पहिला मार्ग सुसंगतता मोडचा. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेल्यास ‘कम्पॅटिबिलिटी’ हा विभाग दिसतो. तेथे जुन्या विंडोजचे नाव निवडता येते. ३२ बिटचे बरेच प्रोग्राम एवढ्याने चालू लागतात.

दुसरा मार्ग डॉसच्या प्रोग्रामसाठी. डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम नव्या संगणकात जुन्या संगणकाची नक्कल करतो. मुळात तो जुने खेळ खेळता यावेत म्हणून तयार झाला, त्यामुळे छपाईसारख्या कार्यालयीन गरजांकडे त्यात फारसे लक्ष नाही. डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या दुसऱ्या अवतारात छपाईची सोय आहे. हिशेबाच्या कामाला लावण्यापूर्वी नमुन्याच्या फायलींवर आठवडाभर चाचणी घेणे शहाणपणाचे.

तिसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामच्या मदतीने नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करता येतो. त्यात जुनी विंडोज आणि आजोबांचा प्रोग्राम बसतो. या आतल्या संगणकाचे नेटवर्क सेटिंगमधून बंद ठेवायचे, हा यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. बाहेरच्या विंडोज ११ला सगळे अपडेट मिळत राहतात, आतली जुनी विंडोज जगापासून तुटलेली राहते. पडद्यावर एकच चिन्ह ठेवून त्याला जुनेच नाव द्यावे. क्लिक केले की ओळखीचा पडदा पूर्ण आकारात उघडला पाहिजे. ज्येष्ठांना ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द माहीत असण्याचीही गरज नाही. जुन्या विंडोजची प्रत मात्र स्वतःच्या मूळ सीडीवरूनच घ्यावी. अनोळखी संकेतस्थळांवर फुकट मिळणाऱ्या प्रतींतून व्हायरस यायची शक्यता मोठी असते.

चौथा मार्ग म्हणजे जुना संगणकच ठेवणे आणि त्याचे इंटरनेट तोडणे. डोंगल लागत असेल तर अनेकदा हाच व्यवहार्य ठरतो. मात्र यंत्राचे वय विसरू नये. हार्ड डिस्क एके दिवशी जाणारच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला तर तारीख मागे जाते आणि हिशेबाच्या पावत्यांवर भलतेच साल पडते. सेल स्वस्तात बदलता येतो, डिस्कमधली माहिती गेली तर मिळत नाही. पेनड्राइव्हची ये-जाही एकाच दिशेने ठेवणे बरे. जुन्या संगणकातून फायली बाहेर याव्यात, बाहेरचे काही तपासल्याशिवाय आत जाऊ नये.

मराठी मजकुराचे वेगळे दुखणे

प्रोग्राम चालू झाला म्हणजे काम झाले, असे मराठीत लिहिणाऱ्यांना म्हणता येत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टायपिंगचे फॉन्ट एका युक्तीवर चालत. संगणक आत इंग्रजी अक्षरच साठवत असे, फॉन्ट त्या अक्षराच्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी छोट्या ‘डी’ची कळ दाबली की ‘क’ दिसतो, ‘जे’ दाबला की ‘र’. फॉन्ट काढून घेतला तर पानभर इंग्रजी अक्षरांची निरर्थक भेळ उरते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये कोणत्या कळेला कोणता आकार, हे प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात लावला तरी तो वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. मोबाइल, संगणक, इंटरनेट सगळे तोच वापरतात. त्यामुळे आज युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही फॉन्टमध्ये वाचता येतो आणि शोधता येतो. जुन्या फॉन्टमधल्या मजकुरात ‘आई’ हा शब्द शोधायचा म्हटले तरी संगणकाला तो सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच.

आजोबांनी वीस वर्षे लिहिलेल्या आठवणी, गावाचा इतिहास, व्याख्यानांची टिपणे, घराण्याची वंशावळ अशा फॉन्टमध्ये अडकली असेल, तर खरे संकट प्रोग्राम बंद पडण्याचे नाही. तो मजकूर पुढच्या पिढीला वाचता न येण्याचे आहे. हे काम आजोबा असतानाच करायला हवे. रूपांतर करणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, पण ते फॉन्टनुसार वेगळे असतात आणि ठरावीक ठिकाणी चुकतात. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र या जागा हमखास तपासाव्या लागतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते, म्हणून घोळ होतो. मूळ मजकूर काय होता हे लिहिणाऱ्यालाच सर्वांत चांगले माहीत असते. नातवाने रूपांतर करावे आणि आजोबांनी मुद्रिते तपासावीत, ही विभागणी दोघांनाही जमणारी आहे.

टायपिंगची सवय मोडण्याचीही गरज नाही. मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांसाठी त्याच कळरचनेने युनिकोडमध्ये लिहू देणारी साधने आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलक तर विंडोजमध्येच असतो. बोटे त्याच कळांवर पडतात, आत साठणारा मजकूर मात्र टिकाऊ होतो. हातातले कौशल्य राखून खालची यंत्रणा बदलण्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

प्रोग्राम जाईल, माहिती राहायला हवी

इतर प्रोग्रामबाबतही हाच विचार करावा. फॉक्सप्रोचे हिशेब ज्या डीबीएफ फायलींत असतात, त्या लिबरऑफिस या मोफत प्रोग्रामच्या तक्त्यात थेट उघडतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची. त्यातील पाने जुन्या संगणकावर चालू असतानाच पीडीएफ करून ठेवली तर निदान दिसायला तशीच राहतात. फ्लॉपीवर काही असेल तर थांबू नये. चुंबकीय थर वर्षानुवर्षे टिकेल याची हमी नाही. यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात.

प्रती ठेवण्याचा साधा नियम तीन-दोन-एकचा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मुलगी पुण्यात आणि आई-वडील साताऱ्यात असतील, तर पेनड्राइव्हची एक प्रत मुलीच्या कपाटात असावी. सोबत एका वहीत प्रोग्रामचे नाव, फॉन्टचे नाव, पासवर्ड आणि मूळ सीडी कोठे आहे हे लिहून ठेवावे. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हिशेबाबाबत तर हे कर्तव्यच आहे. एका ज्येष्ठ सभासदाच्या आजारपणात पन्नास कुटुंबांचे हिशेब अडून राहू नयेत.

बदल करायचाच असेल तर

काही प्रोग्राम कोणत्याच मार्गाने चालत नाहीत. काही वेळा बँक किंवा सरकारी संकेतस्थळ नवी प्रणालीच मागते. अशा वेळी बदल अटळ असतो. तो एका वेळी एकच करावा. नवा लॅपटॉप, नवा प्रोग्राम आणि नवा कळफलक एकाच दिवशी समोर ठेवू नये. अक्षरांचा आकार आणि पडद्याचा रंगभेद आधी वाढवून द्यावा. जुन्या प्रकारचे मेनू असलेला प्रोग्राम निवडता येत असेल तर तोच निवडावा. शिकवताना माउस त्यांच्या हातात असावा, शिकवणाऱ्याच्या नव्हे. हातांनी केल्याशिवाय हाताची स्मृती तयार होत नाही. क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. जुनी आणि नवी पद्धत काही आठवडे बरोबरीने चालू द्यावी. हे सगळे प्रकृती चांगली असताना व्हावे, शस्त्रक्रियेनंतरच्या अंथरुणात नव्हे.

ओळखीचा जुना प्रोग्राम आरोग्याबद्दलही काही सांगत असतो. नव्या फोनची सेटिंग जमली नाही, रिमोटची बटणे विसरली, हे उतारवयात स्वाभाविक आहे. पण वर्षानुवर्षे सहज जमणारे काम अडखळू लागणे ही स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक मानली जाते. पंधरा वर्षे दरमहा बिनचूक ताळेबंद करणारे काका त्याच प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा तीच चूक करत असतील, ओळखीच्या पडद्यासमोर पुढे काय करायचे हे त्यांना सुचत नसेल, तर संगणकाला दोष देऊन सोडून देऊ नये. कारण साधेही असू शकते. मोतीबिंदू, थायरॉइड, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम. ते डॉक्टरांनी तपासायला हवे. सगळे एकदम बदलून टाकले, तर नव्याची अडचण कोणती आणि तब्येतीची कोणती, हे घरच्यांना ओळखता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. ज्यांनी उमेदीच्या काळात कार्यालयात संगणक पहिल्यांदा आलेला पाहिला आणि चाळिशी-पन्नाशीत तो शिकून घेतला, ती पिढी आता या वयात आहे. तिला बदलाची भीती वाटते असे म्हणणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. टंकलेखन यंत्रावरून डॉसवर, डॉसवरून विंडोजवर ती आलीच होती. आता तिची मागणी एवढीच आहे की तयार झालेला हात आणि केलेले काम वाया जाऊ नये.

म्हणून नवा संगणक आणण्यापूर्वी एक रविवार आजोबांच्या शेजारी बसावे. ते रोज काय उघडतात, कोठे साठवतात, कोणता फॉन्ट वापरतात, प्रिंट कशी काढतात, हे पाहून लिहून घ्यावे. काय ठेवायचे, काय बदलायचे हे त्यांनाही विचारावे. जुना संगणक भंगारात देण्याचा निर्णय मात्र त्यातली शेवटची फाइल नव्या ठिकाणी उघडून वाचल्यानंतरच घ्यावा.